बरणीतल्या हृदयांनी घडवलेली डॉक्टर

कॅनडातल्या माँट्रियल शहरात मॅकगिल विद्यापीठाचं वैद्यकीय संग्रहालय आहे. तिथे काचेच्या एका बरणीत एक मानवी हृदय जपून ठेवलेलं आहे. आपल्या हृदयाला चार कप्पे असतात, वर दोन आणि खाली दोन. खालचा उजवा कप्पा अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवतो आणि डावा कप्पा शुद्ध रक्त शरीरभर. या बरणीतल्या हृदयात मात्र खाली खऱ्या अर्थानं एकच मोठा कप्पा आहे. शुद्ध आणि अशुद्ध रक्त तिथेच एकमेकांत मिसळत असणार. असं हृदय घेऊन जन्मलेलं मूल काही दिवसांत दगावेल असं कोणालाही वाटेल, पण हा रुग्ण तरुण वयापर्यंत जगला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही बरणी संग्रहालयाच्या फळीवर इतर शेकडो बरण्यांच्या गर्दीत उभी होती. हे हृदय कोणाचं, कोणी काढलं, त्याची हकिकत काय, हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. ते शोधून काढलं तिशीतल्या एका डॉक्टर बाईंनी. त्यांचं नाव डॉ. मॉड ॲबट. याच विद्यापीठानं त्यांना वैद्यकीय शाखेत प्रवेश नाकारला होता. पुढे बरण्या पुसण्याचं आणि त्यांच्या याद्या करण्याचं काम मात्र त्यांच्याकडे आलं. त्या कामातूनच जन्मजात हृदयदोषांच्या शास्त्राचा पाया घातला गेला.

आजीच्या घरातली मुलगी

मॉडचा जन्म १८ मार्च १८६९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या सेंट अँड्र्यूज ईस्ट या छोट्या गावी झाला. वडील कुटुंब सोडून निघून गेले होते. मॉड सात महिन्यांची असताना आई क्षयानं गेली. क्षयाचा जंतू सापडायलाच त्या वेळी आणखी तेरा वर्षं अवकाश होता, मग औषधाची गोष्टच दूर. मॉड आणि तिची थोरली बहीण ॲलिस या दोघींना आईच्या आईनं वाढवलं. साठी ओलांडलेल्या या आजीनं नातींना आपलं ॲबट हे आडनाव लावलं.

बरीच वर्षं शिक्षण घरीच झालं. शाळेत जायचं, इतर मुलींबरोबर बसून शिकायचं, ही मॉडची लहानपणापासूनची आस होती. पंधराव्या वर्षानंतर माँट्रियलच्या शाळेत जायला मिळालं आणि तिथून शिष्यवृत्ती मिळवून ती मॅकगिल विद्यापीठात दाखल झाली. मॅकगिलनं मुलींना कला शाखेत प्रवेश द्यायला १८८४मध्ये नुकती सुरुवात केली होती. १८९०मध्ये मॉड बीए झाली तीही सुवर्णपदक घेऊन.

आता तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि तेही मॅकगिलमध्येच. मॅकगिलच्या वैद्यकीय शाखेचा तेव्हा उत्तर अमेरिकेत मोठा दबदबा होता. पदवी हाती येण्याआधीच तिनं अर्ज केला. शाखेनं नकार दिला. मग गावातल्या प्रतिष्ठित लोकांच्या सह्या घेऊन विनंतीअर्ज झाले, वर्तमानपत्रांत चर्चा झाली, मुलींच्या वेगळ्या वर्गांसाठी पैसे उभे करण्याची तयारी दाखवली गेली. शाखा हलली नाही. मुली आणि मुलगे एकत्र शवविच्छेदन कसं करणार, हा त्या काळच्या प्राध्यापकांचा मोठा आक्षेप असे.

अखेर माँट्रियलमध्येच बिशप्स कॉलेजची वैद्यकीय शाखा होती तिथे मॉडला प्रवेश मिळाला. वर्गात ती एकटीच मुलगी. रुग्णालयातल्या प्रात्यक्षिकांसाठी माँट्रियल जनरल हॉस्पिटलचा परवाना लागे. तो मिळवण्यासाठीही झगडावं लागलं. हा परवाना मिळाल्यावर वॉर्डांत तिच्या आजूबाजूला असत ते मॅकगिलचे विद्यार्थी, ज्यांच्या वर्गात तिला बसता आलं नव्हतं. १८९४मध्ये ती एमडी झाली. शरीररचनाशास्त्राचं बक्षीसही तिनं मिळवलं.

युरोपातली तीन वर्षं

पदवी मिळताच मॉड आणि ॲलिस दोघी युरोपला गेल्या. झुरिच आणि मग व्हिएन्ना. व्हिएन्नात त्या काळी शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती उभं राहून वैद्यक शिकण्याची मोठी परंपरा होती. रुग्ण जिवंत असताना डॉक्टरनं केलेलं निदान आणि मृत्यूनंतर अवयवांत प्रत्यक्ष दिसलेला आजार यांचा ताळा तिथे रोज मांडला जाई. निदान चुकलं असेल तर ते सगळ्यांसमोर उघड होई. डॉ. ॲबट यांना विकृतिशास्त्राची, म्हणजे आजारानं अवयवांत होणाऱ्या बदलांच्या शास्त्राची, गोडी लागली ती याच काळात.

या काळातच घरावर आघात झाला. ॲलिस आजारी पडली आणि पुढे तिला गंभीर मानसिक आजार जडला. त्या काळी अशा आजारावर खात्रीचा उपचार नव्हता. ॲलिस पुन्हा पूर्ण बरी झाली नाही. तिच्या देखभालीची जबाबदारी मॉडनं तिच्या अखेरीपर्यंत, म्हणजे जवळपास चार दशकं पेलली. डॉ. ॲबट यांनी लग्न केलं नाही. माँट्रियलमधलं काम आणि गावाकडच्या घरातली आजारी बहीण यांच्यामध्येच त्यांचं आयुष्य विभागलेलं राहिलं. त्यांच्या कामाचा डोंगर पाहताना हे ओझं विसरता येत नाही.

१८९७मध्ये माँट्रियलला परतून त्यांनी दवाखाना थाटला. त्याच्या जोडीला रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये डॉ. चार्ल्स मार्टिन यांनी त्यांना संशोधनाचं काम दिलं. हृदयाच्या ठोक्यांबरोबर स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा जादा आवाज, ज्याला डॉक्टर मर्मर म्हणतात, त्याच्या नोंदी तपासायच्या होत्या. कोणता मर्मर आजाराचा आणि कोणता निरुपद्रवी, हा प्रश्न होता. त्यांनी रुग्णालयाच्या नोंदी चाळून, आकडेवारी मांडून निबंध तयार केला. स्थानिक वैद्यकीय संस्थेत स्त्रियांना सभासदत्व नव्हतं, म्हणून तो दुसऱ्या डॉक्टरांनी वाचून दाखवला. निबंध इतका चोख होता की संस्थेनं नियम बाजूला ठेवून त्यांना सभासद करून घेतलं.

मागच्या दारानं प्रवेश

१८९८मध्ये मॅकगिलचे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज ॲडामी यांनी डॉ. ॲबट यांना वैद्यकीय संग्रहालयाच्या सहायक क्युरेटरचं काम देऊ केलं. हुद्दा लहान होता आणि मेहनताना बेताचा. वॉर्डात रुग्ण तपासणाऱ्या, वर्गात शिकवणाऱ्या डॉक्टरांच्या दृष्टीनं संग्रहालय ही अडगळीची जागा होती. ज्यांना विद्यार्थिनी म्हणून दार उघडलं नव्हतं त्या मॉड ॲबट अशा रीतीनं मॅकगिलच्या वैद्यकीय शाखेत शिरल्या.

आत पसारा होता. अनेक दशकांत जमा झालेले अवयवांचे नमुने फळ्यांवर उभे होते. बरण्यांतलं द्रव उडून गेलं की नमुना सुकतो, गढूळ झालं की आतलं काही दिसत नाही, आणि चिठ्ठी गळून पडली की त्या नमुन्याचं ज्ञानमूल्यच संपतं. कारण नुसतं हृदय किंवा नुसतं यकृत फार थोडं सांगतं. हा माणूस किती वर्षांचा होता, त्याला काय त्रास होता, छातीला नळी लावल्यावर काय ऐकू आलं होतं, मृत्यू कशानं झाला, हे कळलं तरच तो नमुना बोलू लागतो.

काम सुरू करताना इतर संग्रहालयं पाहावीत म्हणून ॲडामींनी त्यांना वॉशिंग्टनच्या आर्मी मेडिकल म्युझियमला पाठवलं. वाटेत त्या बाल्टिमोरला थांबल्या आणि तिथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांची भेट झाली डॉ. विल्यम ऑस्लर यांच्याशी. ऑस्लर हे त्या काळचे इंग्रजी जगतातले सर्वांत नावाजलेले फिजिशियन. ते स्वतः मॅकगिलचेच विद्यार्थी आणि पुढे तिथलेच प्राध्यापक. माँट्रियलमध्ये असताना त्यांनी सातशेहून अधिक शवविच्छेदनं केली होती आणि त्यांतले कितीतरी नमुने याच संग्रहालयात होते. त्या फळ्यांवर केवढी संधी पडून आहे हे त्यांनी या नवख्या क्युरेटरला समजावून सांगितलं. अडगळ आवरायला निघालेल्या डॉ. ॲबट त्या भेटीनंतर ध्येय घेऊन परतल्या.

त्यांनी एकेक बरणी खाली उतरवली, साफ केली, नमुना निरखला, जुन्या शवविच्छेदनाच्या वह्यांमध्ये त्याची नोंद शोधली, वर्णन लिहिलं आणि अवयव व आजार यांनुसार दशमान पद्धतीचा क्रमांक दिला. ग्रंथालयात पुस्तकं लावतात तशी ही रचना होती. हे काम वर्षानुवर्षं चाललं. १९०१मध्ये त्या क्युरेटर झाल्या.

याच कामात ते तीन कप्प्यांचं हृदय त्यांच्या हाती आलं. त्यांनी ऑस्लरना पत्र लिहून विचारलं. ऑस्लरना ते आठवत होतं. मॅकगिलच्या वैद्यकीय शाखेचे पहिले डीन डॉ. अँड्र्यू होम्स यांनी १८२४मध्ये त्याचं वर्णन एडिंबराच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं. डॉ. ॲबट यांनी तो जुना लेख मिळवला, नमुन्याशी ताडून पाहिला आणि १९०१मध्ये ती केस पुन्हा प्रसिद्ध केली. होम्स हार्ट या नावानं ते हृदय आज वैद्यकशास्त्रात ओळखलं जातं. डॉ. ॲबट यांचं पुढचं सारं आयुष्य जन्मजात हृदयदोषांकडे वळलं त्याची सुरुवात या बरणीपासून झाली.

विद्यार्थी येऊ लागले

संग्रहालय नीट लागत गेलं तसे मॅकगिलचे विद्यार्थी तिथे डोकावू लागले. वर्गात व्याख्यान ऐकणं वेगळं आणि नमुना समोर ठेवून आजार समजून घेणं वेगळं, हे त्यांच्या ध्यानात येत होतं. एखाद्या विद्यार्थ्यानं विचारलं की डॉ. ॲबट बरणी घेऊन बसत आणि समजावत. दोनाचे चार झाले, चाराचे गट झाले. कोणी नेमलं नसताना, वेळापत्रकात नसताना हे वर्ग चालू झाले. १९०४मध्ये विद्यापीठानं ते विकृतिशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग केले. ज्या शाखेत मुलींना प्रवेश नव्हता तिथल्या प्रत्येक मुलाला आता डॉ. ॲबट यांच्यापुढे बसून शिकावं लागे.

अशा शिक्षणात नेमकं काय हाती लागतं, हे एका उदाहरणावरून कळेल. समजा, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः छिद्र आहे. पुस्तकात ते एका ओळीचं वाक्य असतं. नमुन्यात विद्यार्थी आधी छिद्राचा आकार पाहतो. मग उजव्या कप्प्याची भिंत पाहतो. ती नेहमीपेक्षा जाड का झाली? डाव्या बाजूचं जोरदार रक्त छिद्रातून उजवीकडे घुसत होतं, त्या दाबाशी झुंजताना तो स्नायू वाढला. मग फुप्फुसाकडे जाणारी धमनी पाहतो. ती फुगली का? तिच्यातून जास्तीचं रक्त वर्षानुवर्षं वाहत होतं. आता रुग्णाची नोंद वाचली की लहानपणीची धाप, वारंवार होणारा न्यूमोनिया, छातीवर ऐकू आलेला खरखरीत मर्मर, या सगळ्यांची कारणं एकामागून एक जागेवर बसतात. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम दशक होत होतं. सोनोग्राफी, इकोकार्डिओग्राफी यांचं नावही नव्हतं. जिवंत हृदयाच्या आत पाहण्याचा मार्गच नसताना, मृत हृदय हाताळणं हीच ते समजून घेण्याची वाट होती.

डॉ. ॲबट याच वाटेनं स्वतः शिकल्या आणि इतरांना घेऊन गेल्या. हृदयरोगाचं रीतसर प्रशिक्षण त्यांनी कुठे घेतलं नव्हतं. ते देणारी संस्थाही तेव्हा नव्हती.

चारशे बारा हृदयं

ऑस्लर तेव्हा वैद्यकशास्त्राचा एक मोठा बहुखंडी ग्रंथ संपादित करत होते. १९०५मध्ये त्यांनी जन्मजात हृदयदोषांवरचं प्रकरण लिहिण्याचं काम डॉ. ॲबट यांच्यावर सोपवलं. जगातले मोठमोठे प्राध्यापक लेखक असलेल्या ग्रंथात संग्रहालयाच्या क्युरेटरला जागा मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. विषयही असा की ज्याकडे डॉक्टर फारसे वळत नसत. जन्मतः हृदय बिघडलेलं असेल तर करण्यासारखं काहीच नाही, मग अभ्यास कशाला, अशी सर्वसाधारण समजूत होती.

त्यांनी संग्रहालयातले नमुने आणि जगभरच्या नियतकालिकांतले अहवाल गोळा केले आणि ४१२ रुग्णांची तपशीलवार कोष्टकं मांडली. दोष कोणता, रुग्ण किती वर्षं जगला, अंग निळं पडत होतं का, मर्मर कुठे ऐकू आला, मृत्यूचं कारण काय, असे रकाने. एकेकट्या केसमधून जे दिसत नाही ते चारशे केस शेजारी शेजारी ठेवल्या की दिसू लागतं. १९०८मध्ये हे प्रकरण छापून आलं आणि ऑस्लर त्यावर बेहद्द खूश झाले.

यातून पुढे त्यांनी जी वर्गवारी विकसित केली ती आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना ओळखीची वाटेल. पहिला गट अशा दोषांचा ज्यांत शुद्ध आणि अशुद्ध रक्ताची सरमिसळच होत नाही. दुसऱ्यात शुद्ध रक्त अशुद्ध बाजूला जातं. अशी मुलं सुरुवातीला निळी नसतात, पण पुढे प्रवाह उलटला तर निळी पडू शकतात. तिसऱ्यात अशुद्ध रक्त सतत शुद्ध बाजूला मिसळतं आणि मूल जन्मापासून किंवा लहान वयातच निळं दिसतं. ही विभागणी हृदयाच्या नुसत्या आकारावर नव्हती, रक्त कुठून कुठे वाहतं यावर होती. त्यामुळे रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरला त्वचेचा रंग पाहून आणि छातीला नळी लावून आतल्या दोषाचा अंदाज बांधता येऊ लागला.

आग

या कामाच्या ऐन मध्यावर, एप्रिल १९०७मध्ये मॅकगिलच्या वैद्यकीय इमारतीला आग लागली. संग्रहालयाचा मोठा भाग जळाला. ऑस्लरच्या काळातले अनेक अमोल नमुने गेले. सुमारे नऊ वर्षांचं काम राख आणि फुटक्या काचा होऊन पडलं होतं. डॉ. ॲबट ढिगाऱ्यातून जे वाचवता येईल ते वेचत राहिल्या. होम्स हार्ट वाचलं. मग त्यांनी ठिकठिकाणच्या संग्रहालयांना पत्रं लिहिली. आर्मी मेडिकल म्युझियमसह अनेक ठिकाणांहून नमुने आले आणि संग्रहालय पुन्हा उभं राहिलं.

ही मदत मिळू शकली याचं कारण त्यांनी ओळखींचं जाळं विणायला आधीच सुरुवात केली होती. वैद्यकीय संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना त्याच सुमारास त्यांच्या पुढाकारानं स्थापन झाली. नमुने कसे टिकवावेत, त्यांचा मूळ रंग कसा राखावा, याद्या कशा कराव्यात, नमुन्यांची देवाणघेवाण कशी करावी, याबद्दलचे लेख संघटनेच्या पत्रिकेत येत. संघटनेचं चिटणीसपद आणि पत्रिकेचं संपादन त्यांनी सुमारे तीस वर्षं सांभाळलं. हीच संघटना पुढे इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ पॅथॉलॉजी झाली. तिची शाखा भारतातही आहे.

मान आणि हुद्दा

१९१०मध्ये मॅकगिलनं डॉ. ॲबट यांना वैद्यकाची मानद पदवी दिली आणि विकृतिशास्त्राच्या व्याख्यात्या म्हणून नेमलं. त्या वेळीही मॅकगिलच्या वैद्यकीय शाखेत मुलींना प्रवेश नव्हताच. तो मिळाला १९१८मध्ये. म्हणजे विद्यापीठानं एका बाईला डॉक्टरीची पदवी सन्मानानं देऊन टाकली, पण दुसरीला ती अभ्यास करून मिळवण्याची मुभा द्यायला आणखी आठ वर्षं घेतली.

पहिल्या महायुद्धात अनेक डॉक्टर आघाडीवर गेले, तेव्हा कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाचं संपादन त्यांनी सांभाळलं. १९१९च्या डिसेंबरात ऑस्लर वारले. गुरूच्या ऋणापोटी त्यांनी ऑस्लर यांच्यावरचा जाडजूड स्मृतिग्रंथ सिद्ध केला. तो १९२६मध्ये निघाला.

१९२३ ते १९२५ ही वर्षं त्या मॅकगिलमधून रजा घेऊन फिलाडेल्फियाला होत्या. तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या विकृतिशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. मराठी वाचकांना हे कॉलेज परकं नाही. आनंदीबाई जोशी १८८६मध्ये एमडी झाल्या त्या याच कॉलेजातून. इतरत्र दारं बंद असलेल्या मुलींसाठी निघालेल्या या कॉलेजात डॉ. ॲबट यांना मॅकगिलपेक्षा मोठा हुद्दा मिळाला. १९२४मध्ये कॅनडातल्या स्त्री डॉक्टरांच्या संघटनेच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता.

मॅकगिलनं त्यांना परत बोलावलं ते सहायक प्राध्यापक म्हणून आणि १९३६मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांचा हुद्दा तोच राहिला. युरोप-अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ ज्यांच्याकडे सल्ला मागत, त्या बाई स्वतःच्या विद्यापीठात पूर्ण प्राध्यापक कधीच झाल्या नाहीत. निवृत्तीच्या वर्षी विद्यापीठानं आणखी एक मानद पदवी मात्र दिली.

एक हजार हृदयं

त्याच १९३६ साली त्यांचा जन्मजात हृदयदोषांचा ॲटलास प्रसिद्ध झाला. अमेरिकन हार्ट असोसिएशननं तो छापला. ४१२ रुग्णांचा आकडा आता १००० झाला होता. एकेका दोषाचं हृदयाचं चित्र, रक्तप्रवाहाची दिशा, रुग्णाची हकिकत आणि तपासण्या असं सगळं एकाच पानावर नजरेसमोर येईल अशी त्याची मांडणी होती. संग्रहालयाची फळी जणू पुस्तकात उतरली होती.

या कामाचा उपयोग काय, याचं उत्तर त्यांच्या हयातीतच मिळायला लागलं. पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांना काम नसतं, म्हणून फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक वाहिनी असते. जन्मानंतर ती आपोआप बंद होते. ती उघडीच राहिली तर हृदयावर ताण येतो आणि जंतुसंसर्गाचा धोका राहतो. १९३८मध्ये बोस्टनचे शल्यचिकित्सक रॉबर्ट ग्रॉस यांनी एका मुलीची अशी वाहिनी शस्त्रक्रियेनं बांधून बंद केली. शस्त्रक्रिया न केल्यास या रुग्णांचं काय होतं, हे ठाऊक असल्याशिवाय असा धोका कोण पत्करणार? ती माहिती डॉ. ॲबट यांच्या नोंदींतून मिळत होती आणि ग्रॉस यांनी आपल्या अहवालात तिचा आधार घेतला.

बाल्टिमोरच्या डॉ. हेलन टॉसिग यांनाही त्यांच्या कामाचा फायदा झाला. निळ्या बाळांच्या फुप्फुसांकडे रक्त कमी जातं, ते वाढवलं तर मूल वाचेल, हा टॉसिग यांचा विचार. १९४४मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी विव्हियन थॉमस यांच्या साहाय्यानं ती शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि निळी बाळं गुलाबी होऊ लागली. करण्यासारखं काहीच नाही, ही समजूत मोडली.

डॉ. ॲबट मात्र ते पाहायला नव्हत्या. निवृत्तीनंतर त्या जन्मजात हृदयदोषांवर पाठ्यपुस्तक लिहीत होत्या. २ सप्टेंबर १९४० रोजी मेंदूतल्या रक्तस्रावानं माँट्रियलमध्ये त्यांचं निधन झालं. पुस्तक अपुरं राहिलं. मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय हृदयरोग संस्थेसाठी पुढे दिएगो रिव्हेरा या प्रख्यात चित्रकारानं हृदयशास्त्राच्या इतिहासाची भव्य भित्तिचित्रं काढली. त्या इतिहासपुरुषांच्या मेळाव्यात डॉ. मॉड ॲबट या एकट्या स्त्री आहेत.

आज आपल्यासाठी

जन्मजात हृदयदोष हा जन्मतः आढळणाऱ्या व्यंगांपैकी सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. साधारण शंभर बाळांमागे एकाला तो असतो. बरेचसे दोष सौम्य असतात, काही आपोआप भरून येतात, तर काहींना वेळेवर उपचार लागतात. दूध पिताना बाळ दमत असेल, कपाळावर घाम येत असेल, वजन वाढत नसेल, वारंवार न्यूमोनिया होत असेल, रडताना ओठ किंवा नखं निळी पडत असतील, तर दृष्ट लागली म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञाला दाखवावं. छातीला नळी लावून शंका आली की इकोकार्डिओग्राफीनं, सुई न टोचता, हृदयाच्या आतलं चित्र दिसतं. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची तपासणी होते. तिच्यात जन्मजात हृदयदोषही पाहिले जातात आणि पुढच्या उपचारांची सोय केली जाते. शाळेतून तशी चिठ्ठी घरी आली तर ती बाजूला ठेवून देऊ नये.

इकोच्या पडद्यावर डॉक्टर जेव्हा हे छिद्र आणि हा प्रवाह असं बोट ठेवून दाखवतात, तेव्हा त्यामागे असंख्य बरण्यांतल्या हृदयांचा अभ्यास उभा असतो. मॅकगिलच्या वैद्यकीय संग्रहालयाला आता मॉड ॲबट यांचं नाव आहे. त्यांना ज्या शाखेनं दारात थांबवलं होतं, तिथेच ते आहे. आणि होम्स हार्ट अजूनही तिथल्या बरणीत आहे, चिठ्ठी आणि नोंदीसकट.